डिपस्टिक, तांबडा दिवा आणि पाना: गाडीतल्या ऑइल तपासणीच्या साधनांचं परीक्षण

गाडी घेताना टचस्क्रीन, मागचा कॅमेरा, सनरूफ सगळं दोनदा बघितलं जातं. इंजिन ऑइलवर लक्ष ठेवणारी साधनं कशी आहेत, हे शोरूममध्ये कुणी विचारत नाही. बहुतेक गाड्यांत ती तीन असतात. बोनेटखालची डिपस्टिक, म्हणजे गॅरेजच्या भाषेत गेज किंवा पट्टी. डॅशबोर्डवरचा तेलाच्या झारीचा तांबडा दिवा. आणि सर्व्हिसची आठवण करून देणारा, पान्याच्या चित्राचा पिवळा दिवा, म्हणजे पाना. कोल्हापुरात गाडी कशी वापरली जाते ते धरून या तिघांकडे बघू: पेठेतून राजारामपुरीपर्यंतचे दोन-तीन किलोमीटरचे फेरे, गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागची रांग, चार महिन्यांचा पाऊस आणि सुट्टीला गगनबावडा नाहीतर आंबोली. निकाल आधीच सांगतो. पट्टीला पैकीच्या पैकी, तांबड्या दिव्याला काठावर पास, आणि पाना हे कॅलेंडर आहे, त्याला ऑइलमधलं काही कळत नाही.

पट्टी

किंमत शून्य, वीज लागत नाही, सेन्सर नाही. तरीही ऑइल किती आहे आणि कसं आहे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देणारं गाडीतलं हे एकच साधन. महागड्या काही गाड्यांतून कंपन्यांनी पट्टी काढून टाकली आणि लेव्हल स्क्रीनवर दाखवायला सुरुवात केली, तो बदल आम्हाला पटलेला नाही. स्क्रीन ऑइलचा वास देत नाही.

रीडिंग घेण्याची रीत सोपी आहे, पण बहुतेक चुका इथंच होतात. गाडी सपाट जागेवर हवी. जुन्या पेठांतल्या गल्ल्यांना बऱ्याचदा एका बाजूला उतार असतो आणि गाडी निम्मी गटाराच्या फरशीवर चढवून लावलेली असते. तिथलं रीडिंग कामाचं नाही. पेट्रोल पंपावर हवा भरायच्या जागेचा काँक्रीटचा तळ सहसा चांगला सपाट असतो. इंजिन गरम करून बंद करा आणि पाच ते दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर चढलेलं ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइल टाकीत, उतरतं. पट्टी ओढा, स्वच्छ सुती फडक्यानं पुसा. गॅरेजमधल्या वेस्टनं, म्हणजे सुताच्या गुंत्यानं, पुसू नका, त्याचे धागे पट्टीला चिकटून आत जातात. पट्टी पूर्ण आत बसवा, पुन्हा ओढा आणि आडवी धरून दोन्ही बाजू बघा. नळीच्या भिंतीला घासून एका बाजूला ऑइल वर चढलेलं दिसतं, म्हणून दोन्हींपैकी जी रेघ खाली असेल ती खरी.

पट्टी पूर्ण बसली नाही तर तिचं टोक वर राहतं, ऑइल कमी दिसतं, आणि मग गरज नसताना वरून ओतलं जातं. उलट, मुठीजवळचं प्लास्टिकचं बूड तुटून पट्टी जास्त खोल गेली तर कमी असलेलं ऑइलही भरपूर दिसतं. जुन्या गाडीला भंगारातून दुसऱ्याच मॉडेलची पट्टी बसवलेली असेल तर त्या खुणांना काहीच अर्थ उरत नाही. मुठीखालची रबरी रिंग कडक झाली असेल तर ती बदला. काही इंजिनांत तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो, मग त्या दिव्यापायी भलतेच पार्ट बदलले जातात.

सकाळी थंड इंजिनवर बघितलं तर चालतं का? चालतं, फक्त दर वेळी तसंच बघा. साडेतीन लिटर ऑइल सत्तर अंशांनी तापलं की साधारण १७० मिली फुगतं, त्यामुळं थंड रीडिंग थोडं खाली दिसणार. मॅन्युअलमध्ये गरम की थंड हे लिहिलेलं असेल तर तेच पाळा.

कमी आणि जास्त या दोन खुणांमध्ये बहुतेक गाड्यांत एक लिटरच्या आसपास अंतर असतं, छोट्या इंजिनात थोडं कमी. म्हणजे रेघ मधोमध असेल तर साधारण अर्धा लिटर कमी आहे. टॉप-अप करताना एकदम अर्धा लिटर ओतू नका. पाव लिटर घाला, पाच मिनिटं थांबा, बघा. वरच्या खुणेला टेकवायचीही गरज नाही, पाऊण भागापर्यंत आलं की पुरे.

जास्त भरलं तर काय बिघडतं, हा प्रश्न नेहमी येतो. चेंबरमधली पातळी वर आली की फिरणारी क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) ऑइलला लागते आणि ते घुसळून त्याचा फेस होतो. फेस म्हणजे ऑइलमध्ये हवा. पंप ती हवाच ओढतो, बेअरिंगला मिळणारा दाब पडतो. शिवाय ऑइलची वाफ इंजिनात हवा घेणाऱ्या इनटेककडे जाते, सील गळायला लागतात. वरच्या खुणेपेक्षा दोन-चार मिलिमीटर वर असेल तर घाबरायचं कारण नाही. बोटभर वर असेल तर काढूनच टाकायचं.

पट्टी ऑइलचा रंगही दाखवते, पण रंगावर निकाल देताना जरा जपून. डिझेल गाडीत नवं ऑइल शे-दोनशे किलोमीटरमध्ये काळं पडतं. ते काजळी आपल्या अंगावर घेतंय, म्हणजे त्याचं काम चाललंय. सीएनजीवर उलटा प्रकार: ऑइल महिनोन् महिने मधासारखं दिसतं आणि मालकाला वाटतं अजून बदलायला नको. पण गॅसच्या ज्वलनातली उष्णता आणि नायट्रोजनची ऑक्साइडं त्या स्वच्छ दिसणाऱ्या ऑइललाही म्हातारं करतात. सीएनजीवाल्यांनी रंग बघूच नये, किलोमीटर आणि तारीख बघावी.

पावसाळ्यात ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढुरकी, दुधाच्या चहासारखी साय दिसते. हेड गॅसकेट, म्हणजे ऑइल आणि कूलंट वेगळं ठेवणारं इंजिनमधलं पॅकिंग, गेलं म्हणून घाबरवणारे भेटतील. आधी पट्टी बघा. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, पातळी उतरत नसेल, तर ते फक्त दमट हवेतलं पाणी आहे. मंडईपर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापतच नाही, त्यामुळं ते पाणी उडून जात नाही. अर्धा तास हायवेवर गाडी चालवली की बऱ्याचदा साय निघून जाते. पट्टीवरही दूध दिसलं आणि कूलंट कमी होत असलं, तर मात्र गाडी जागेवरून हलवू नका.

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर पंचगंगेकाठच्या भागांत पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांसाठीही पहिली तपासणी हीच. किल्ली फिरवायची नाही, आधी पट्टी ओढायची. पातळी अचानक वर आलेली असेल तर चेंबरमध्ये पाणी आहे. पाणी जड असल्यानं ते ऑइलच्या तळाशी बसतं आणि पंपाची जाळीही तिथंच असते. अशा वेळी सेल्फ मारला तर इंजिन तर जातंच, वर विम्यात इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घेतलेलं नसेल तर क्लेमही बहुधा नाकारला जातो.

बीएस-६ डिझेलवाल्यांसाठी आणखी एक

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचं प्रमाणक लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ नावाची काजळी अडवणारी जाळी सर्रास आली. ती जाळी भरली की इंजिन जादा डिझेल सोडून तिचं तापमान वाढवतं आणि काजळी जाळतं. हे काम पुरं व्हायला हायवेचा सलग वेग लागतो. गाडी कायम शहरातच फिरत असेल तर ते अर्ध्यावर तुटतं, आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये मिसळतं.

मग पट्टीवर नवलच दिसतं: ऑइल कमी होण्याऐवजी वाढत जातं. मालक खूश होतो, गाडी ऑइल पीत नाही म्हणून. प्रत्यक्षात ते पातळ झालेलं असतं. बोटांत चोळून बघा, वास घ्या. डिझेलचा वास येत असेल आणि रेघ वरच्या खुणेच्या पलीकडे गेली असेल तर किलोमीटर किती झाले ते बघू नका, ऑइल बदला. डीपीएफचा पिवळा दिवा लागला की तावडे हॉटेलपासून हायवेवर कागलच्या दिशेनं एकसारख्या वेगात वीसएक मिनिटं गाडी चालवली तर बहुतेक वेळा काम पूर्ण होतं. मध्येच थांबून इंजिन बंद करू नका. अशा गाडीत कमी राखेचं, एसीईए या युरोपीय संस्थेच्या सी२ किंवा सी३ सारख्या दर्जाचं ऑइलच लागतं. साधं डिझेल ऑइल भरलं तर त्याची राख जाळीत कायमची बसते, ती जळून निघत नाही.

तांबडा दिवा

या दिव्याबद्दलचा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. झारीचं चित्र बघून लोकांना वाटतं ऑइल कमी झालंय, सवडीनं टाकू. बहुसंख्य गाड्यांत तो ऑइल किती आहे हे सांगतच नाही, तो दाब सांगतो. इंजिनच्या ब्लॉकवर अंगठ्याएवढा एक स्विच असतो. ऑइलचा दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे दाबाचं माप) खाली गेला की तो दिवा लावतो. गरम इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू, असताना निरोगी दाब एक बारच्या आसपास असतो, तीन हजार आरपीएमला तीन-चार बार. म्हणजे दाब निम्म्यानं पडला तरी दिवा गप्पच. तो लागतो तेव्हा बेअरिंगला जवळजवळ काहीच मिळत नसतं. म्हणूनच काठावर पास.

तो लागला तर करायचं एकच: सुरक्षित बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद. पुढच्या चौकात गॅरेज आहे, हळूहळू नेतो, हा हिशोब इथं चालत नाही. दाबाविना बेअरिंग घासायला मिनिटसुद्धा लागत नाही. थांबून पट्टी बघा. ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल तर टाका, चालू करा, दिवा दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे. विझल्यावर गाडीखाली बघा, कुठं गळतंय का. पट्टीवर ऑइल पुरेसं आहे आणि तरी दिवा आहे, तर पुन्हा सेल्फ मारू नका. पंप, जाळीत अडकलेला गाळ, झिजलेली बेअरिंगं किंवा नुसता स्विच, यातलं काहीही असू शकतं. टोइंग करा.

गॅरेजमध्ये गेल्यावर मिस्त्री नुसता सेन्सर बदलू म्हणाला तर त्याला विचारा, दाब मोजला का? स्विच काढून त्याच भोकात काट्याचा प्रेशर गेज बसवायचा, गरम इंजिनवर आयडल आणि रेव्हिंग दोन्हीचं रीडिंग घ्यायचं, हे अर्ध्या तासाचं काम आहे. शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या वर्कशॉपच्या भागात, असा गेज आणि तो वाचणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. गेज न लावता केलेलं निदान म्हणजे अंदाज.

एक लक्षण मात्र हा दिवा लवकर दाखवतो, आणि ते घाटात दिसतं. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना किंवा आंबोलीच्या वळणांवर, जोरात ब्रेक दाबल्यावर, दिवा क्षणभर चमकतो आणि विझतो. वायरिंग लूज असेल म्हणून सोडून देऊ नका. ऑइल कमी असलं की वळणावर ते चेंबरच्या एका कडेला सरकतं, पंपाची जाळी उघडी पडते आणि क्षणभर हवा ओढली जाते. सरळ रस्त्यावर पुन्हा सगळं ठीक. अशी चमक दिसली की जवळच्या सपाट जागेवर थांबून पट्टी बघायची.

दिवा जिवंत आहे का हे रोज आपोआप तपासता येतं. इग्निशन ऑन केल्यावर तो लागलाच पाहिजे, इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. ऑनला लागतच नसेल तर वायर किंवा बल्ब गेलाय, आणि तुम्ही पहाऱ्याविना गाडी चालवताय.

काही गाड्यांत झारीचं तेच चित्र पिवळ्या रंगातही असतं, खाली लाटेची रेघ किंवा मिन असं लिहिलेलं. तो खरा लेव्हलचा इशारा. तो लागला तर जपून पुढच्या पंपापर्यंत जाऊन ऑइल टाकता येतं. तांबडं म्हणजे आत्ता थांबा, पिवळं म्हणजे आज बघा, एवढं घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला माहीत हवं. अपवाद लुकलुकणाऱ्या चेक इंजिनचा. तो पिवळाच असतो, पण लुकलुकतोय म्हणजे सिलिंडर मिसफायर होतोय, म्हणजे त्यातलं इंधन नीट पेटत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला भाजतंय. वेग कमी करून गाडी थांबवलेली बरी.

पाना

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत पाना फक्त दोन गोष्टी मोजतो: किलोमीटर आणि महिने. कंपनीप्रमाणं १०,००० किंवा १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. काही गाड्या इंजिनचे फेरे आणि तापमान धरून ऑइलचं आयुष्य टक्क्यांत दाखवतात, तो प्रकार जास्त शहाणा आहे. तरी त्याचाही हिशोबच असतो, ऑइलचा थेंब तो तपासत नाही.

कोल्हापुरात हा हिशोब का चुकतो ते आकड्यांत बघा. हायवेवर ताशी ६० च्या सरासरीनं १०,००० किलोमीटर म्हणजे इंजिन १६७ तास चाललं. तेच किलोमीटर महाद्वार रोडच्या गर्दीत आणि डबल ट्रॉलीच्या ट्रॅक्टरमागं ताशी २० नं झाले तर ५०० तास. ऑइलनं तिप्पट काम केलं आणि पाना दोघांनाही एकाच दिवशी लागणार. मॅन्युअलच्या मागच्या पानांत कठीण वापर असं शीर्षक असतं, त्यात धूळ, छोटे फेरे, रांगेतलं रखडणं हे सगळं असतं आणि बऱ्याचदा मुदत निम्मी केलेली असते. ते पान वाचलं जात नाही. हंगामात वाड्या-वस्त्यांच्या कच्च्या रस्त्यावर रोज जाणाऱ्या गाडीनं ती निम्मी मुदतच धरावी आणि एअर फिल्टरही लवकर बघावा. बारीक माती ऑइलमध्ये गेली की ती पॉलिश पेपरसारखी पिस्टनच्या रिंगा घासते.

पाना म्हणजे दर वेळी सर्व्हिसच असंही समजू नका. काही गाड्यांत हेच चित्र इंजिन किंवा गिअरबॉक्सच्या बिघाडासाठी वापरतात. इग्निशनला क्षणभर लागून विझत असेल तर आठवण, चालताना लागून राहत असेल तर मॅन्युअल उघडा.

ऑइल बदलून घेताना

साधनं कितीही चांगली असली तरी ऑइल भरणारा हात चुकला की त्यांचा उपयोग निम्मा. कंपनीचं सर्व्हिस सेंटर असो की उद्यमनगरातलं गॅरेज, आम्ही दोघांनाही एकाच मापानं मोजतो.

पहिली खोड: डबा संपवायची. इंजिनला ३.१ लिटर लागतं, डबा ३.५ चा आहे, सगळा ओतला. उरलेलं घरी न्यायला द्या म्हणून सांगा, टॉप-अपला तेच कामी येईल. योग्य रीत अशी: मापापेक्षा पाव लिटर कमी भरायचं, इंजिन मिनिटभर चालू करून बंद करायचं म्हणजे नवा फिल्टर भरतो, पाच मिनिटांनी पट्टी बघून उरलेलं टाकायचं. बाहेर निघण्यापूर्वी पट्टी तुम्ही स्वतः ओढून बघा.

चेंबर नटाचा वायसर दर वेळी नवा हवा. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा तो वायसर एकदा दाबला गेला की दुसऱ्यांदा नीट बसत नाही, मग ठिबक सुरू होते आणि ती थांबवायला नट आणखी आवळला जातो, शेवटी ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. छोट्या गाड्यांत साधारण ३० ते ४० न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. लांब पाइप घालून आवळणाऱ्याला तिथंच थांबवा. फिल्टरच्या रबराला नवं ऑइल चोळून तो हातानं फिरवायचा, रबर टेकल्यावर पाऊण फेरा, बस्स. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं आणि त्यावर नवा बसवला तर काही किलोमीटरमध्ये सगळं ऑइल रस्त्यावर. जुना फिल्टर बघायला मागितला की हे आपोआप तपासलं जातं. नव्यावर मार्करनं तारीख आणि किलोमीटर लिहायला लावा.

पट्टीच्या नळीतून व्हॅक्युम मशिननं ऑइल ओढून काढायची घरपोच पद्धत सोयीची आहे. पण काही चेंबरच्या आकारामुळं तळातला गाळ राहतो आणि नटाला चिकटणारा धातूचा कीस दिसत नाही. एखाद्या वेळी ठीक, दर वेळी नको.

ग्रेडबद्दल एकच आग्रह: मॅन्युअलमधलाच. अलीकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० असं पातळ ऑइल लागतं. आपल्याकडं ऊन जास्त म्हणून जाड २०डब्ल्यू-५० टाकू, हा सल्ला अजून ऐकू येतो. त्या इंजिनांच्या ऑइलच्या वाटाच अरुंद आहेत. जाड ऑइल सकाळी वर पोचायला वेळ घेतं आणि ॲव्हरेजही पाडतं. डब्यावर एपीआय एसपी बघा, एपीआय या अमेरिकन संस्थेचा हा दर्जा २०२० साली आला. वाटेत अडचण आलीच तर दुसऱ्या कंपनीचं इंजिन ऑइल मिसळलं तरी चालतं, कोरडं चालवण्यापेक्षा ते शंभर पटीनं बरं. गिअर ऑइल मात्र नाही. डबा तुमच्यासमोर सील फोडून उघडायला लावा आणि रिकामा झाल्यावर त्याला भोक पाडा, कारण चांगल्या ब्रँडच्या रिकाम्या डब्यांना नकली माल भरणाऱ्यांकडं भाव मिळतो. फ्लश आणि वरून टाकायचं लिक्विड बिलात दिसलं तर काढून टाका. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनाला त्याची गरज नाही.

शेवटचं काम पाना रिसेट करण्याचं. बाहेरच्या गॅरेजमध्ये हे हमखास राहतं. मग दोन महिन्यांनी पाना लागतो, मालक पुन्हा ऑइल बदलतो, किंवा याला काय कळतंय म्हणून कायमचं दुर्लक्ष करतो. बऱ्याच गाड्यांत मीटरवरचं ट्रिपचं बटण दाबून धरून इग्निशन ऑन केलं की रिसेट होतो, काहींना ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावावा लागतो. पद्धत मॉडेलप्रमाणं बदलते, मॅन्युअलमध्ये दिलेली असते. बिल देण्यापूर्वी इग्निशन ऑन करून पुढचे किलोमीटर नवे दिसतात का ते बघून घ्या, कारण नुसता पाना रिसेट करून ऑइल तेच ठेवलं तरी डॅशबोर्डला त्यातला फरक कळत नाही.